गव्याचे पाय आणि अरिवू केंद्रातलं कपाट : ग्रामविकास मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
ग्रामविकास आणि पंचायत राज खातं, कर्नाटक सरकार, बेंगळूरु

विषय : सीमाभागात तयार होणारी मराठी बालपुस्तकं इथल्या अरिवू केंद्रांमध्ये (ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांमध्ये) घेण्याबाबत

सविनय नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. चौतीस वर्षं मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवलं, आणि आता मुलांसाठी गोष्टी लिहिते. या पत्राची कन्नड प्रत आपल्या कार्यालयाला टपालाने पाठवली आहे. इथे ते मराठीत जाहीर करते आहे, कारण ज्या मुलांसाठी ते आहे त्यांचे आईवडील मराठीत वाचतात, आणि आमच्यासोबत पुस्तकं करणारी बहुतेक माणसंही.

हे पत्र सीमाप्रश्नाबद्दल नाही. तो दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचं काय व्हायचं ते तिथे होईल. तोवर आमच्या गावांत दर जूनमध्ये नवी मुलं पहिलीत येतात. सहाव्या वर्षी हातात पडायला हवं ते पुस्तक सोळाव्या वर्षी मिळून काही उपयोग नसतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या तालुक्यातल्या एका गावच्या अरिवू केंद्रात गेले होते. त्याबद्दल आधी आपल्या खात्याचे मनापासून आभार. खोली स्वच्छ होती, भिंती रंगवलेल्या, कोपऱ्यात संगणक, मुलांना बसायला जाजम. माझ्या नोकरीच्या काळात गावच्या ग्रंथालयात पेपर वाचणारे चार म्हातारे सोडले तर कुणी फिरकत नसे. २०२० साली ‘ओदुव बेळकू’ (वाचनाचा उजेड) हा मुलांच्या वाचनाचा उपक्रम सुरू झाला, मुलांना फुकट सभासद होता आलं, आणि पोरं आत शिरली. शाळेत असताना मला हे कधी बघायला मिळालं नव्हतं.

बाहेर धो धो पाऊस चालला होता. तिसरीतली एक मुलगी धाकट्या भावाला जवळ घेऊन कन्नड चित्रपुस्तक दाखवत बसली होती. मराठी शाळेतली मुलगी. कन्नड अजून अक्षराला अक्षर जोडून वाचणारी. म्हणून ती मजकुरावर तळहात ठेवायची आणि चित्र बघून आपल्या मनाची गोष्ट मराठीत सांगायची. एका पानावर भावाने तिचा हात उचलून विचारलं, ‘अक्का, इथं हेच लिवलंय काय?’ ती जरा थांबली आणि म्हणाली, ‘असंल की.’

ग्रंथपाल ताईंनी मला कपाट उघडून दाखवलं. मराठी पुस्तकं मी मोजली. अकरा. सात स्पर्धापरीक्षांची, तीन पोथ्या, आणि मुलांचं म्हणावं असं एक. त्याचीही मधली पानं सुटलेली. ‘मुलांची मराठी पुस्तकं आली तर आजच लावीन बाई, पण येतच नाहीत,’ असं त्या म्हणाल्या, आणि ते त्यांनी कळवळून सांगितलं.

त्या मुलीने कन्नड शिकायलाच हवं. मी स्वतः माझ्या वर्गांना कन्नड गाणी शिकवली आहेत, आणि जी मुलं मराठीत भराभर वाचू लागली तीच पुढे कन्नडही लवकर वाचू लागली, हे दरवर्षी पाहिलं आहे. वाचायची गोडी घरच्या भाषेत लागते. मग ती कुठल्याही भाषेच्या पुस्तकाकडे जाते. राज्यघटनेच्या ३५० अ कलमाने भाषिक अल्पसंख्य मुलांच्या मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाची सोय राज्याकडे दिली, आणि कर्नाटक सरकार आमच्या शाळांसाठी मराठी पाठ्यपुस्तकं छापतंही. पण नुसत्या पाठ्यपुस्तकाने वाचक झालेलं मूल मी चौतीस वर्षांत पाहिलं नाही.

मग पुस्तकं आणायची कुठून? ती इथेच होत आहेत, हे सांगण्यासाठीच हे पत्र.

बेळगावच्या शहापुरात एका जुन्या विणकर घराच्या माळ्यावर, जिथे पूर्वी हातमाग होता, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही दहा-बारा जण जमतो. माझ्यासारख्या दोन निवृत्त शिक्षिका. एक अंगणवाडी ताई. त्यांना लिहिण्याची सवय नाही, पण त्या गोष्ट सांगू लागल्या की आम्ही सगळे पेनं खाली ठेवतो. एक बोर्ड पेंटर आहेत. तीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, मग फ्लेक्स आला आणि ब्रश कोनाड्यात गेला. मुलांना सहज वाचता येईल असं ठसठशीत, गोल देवनागरी अक्षर त्यांच्यासारखं काढणारं दुसरं कुणी मला माहीत नाही. आणि एक तरुण चित्रकार आहे, गोकाककडचा, घरी कन्नड बोलणारा. मराठी त्याला सगळं समजतं, बोलताना थोडा अडखळतो. आमच्या निम्म्या पुस्तकांची चित्रं त्याची आहेत.

काम असं चालतं. कार्डशीट दुमडून, मधे पिना मारून चोवीस पानांची डमी, म्हणजे पुस्तकाची कच्ची प्रत, करायची. चित्रं पेन्सिलीची, मजकूर हाताने. मग ती मोठ्याने वाचायची. जिथे मूल ‘पुढं काय?’ म्हणेल ते वाक्य उजव्या पानाच्या तळाशी आणायचं, म्हणजे उत्तरासाठी त्याला पान उलटावंच लागतं. चित्रात दिसतं ते शब्दांत पुन्हा सांगायचं नाही. लेखकाला हे फार जड जातं, आवडती वाक्यं पुसावी लागतात. एकेका ओळीवरून चहा गार होईपर्यंत वाद चालतो. त्या माळ्यावर मला चाळीस वर्षांपूर्वीच्या डीएडच्या वर्गापेक्षा जास्त शिकायला मिळालं.

गव्याच्या पुस्तकाचंच बघा. रात्री भाताच्या शेतात गवा येतो आणि आजोबा व नात खोपीत बसून राखण करतात, अशी ती गोष्ट. चित्रकाराने गवा काढला होता काळाभोर, मोठ्या शिंगांचा, ऐटदार. डमी घेऊन आम्ही कणकुंबीच्या बाजूच्या एका शाळेत गेलो. ते पान आलं आणि दुसरीतला एक मुलगा उठून उभाच राहिला. ‘ही म्हस हाय,’ म्हणाला. ‘गव्याचं पाय पांढरं असत्यात. मोजं घातल्यावाणी.’ सगळा वर्ग त्याच्या बाजूने. एका मुलीने वडिलांचा तरवा, म्हणजे भाताची रोपं, गव्याने कशी तुडवली ते हातवारे करून सांगितलं. चित्रकार तिथेच जमिनीवर बसला आणि त्याने गव्याचे चारही पाय गुडघ्यापासून खाली खोडरबराने पांढरे केले. तो मुलगा शेजारी उकिडवा बसून, कुठपर्यंत पुसायचं ते बोटाने दाखवत होता.

भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. त्या रानाच्या कडेला वाढणाऱ्या मुलांना गवा माहीत आहे, शेकरू माहीत आहे. मलप्रभा त्यांच्या शेजारी उगम पावते. त्यांच्या हाती चुकूनमाकून येणाऱ्या मराठी पुस्तकात मात्र सोसायटी असते, लिफ्ट असते आणि सुट्टीत मामाच्या गावाला जाणं असतं. आमची मुलं बारा महिने मामाच्या गावातच राहतात. त्यांचं गाव कुणाच्या तरी सुट्टीपुरतं पुस्तकात यावं, याचं मला वाईट वाटतं.

पुण्या-मुंबईला फार सुंदर बालपुस्तकं निघतात, आणि तीही आमच्या मुलांना मिळायला हवीत. पण ती पुरत नाहीत. आमच्यातल्या एकीची गोष्ट बाहेरच्या एका प्रकाशकाने घेतली होती. ‘आई भाकऱ्या करालीया’ हे तिचं वाक्य छापून आलं ते ‘आई पोळ्या करते आहे’ असं. चित्रात मात्र चूल, परात आणि हातावर थापलेली भाकरी. बदल करताना लेखिकेला विचारलं नव्हतं, चित्रकाराला तर नाहीच. पुस्तक वर्गात वाचलं तेव्हा एक मूल चित्रावर बोट फिरवत राहिलं आणि शेवटी म्हणालं, ‘बाई, पोळी कुठं हाय?’ त्या दिवसापासून ती मैत्रीण बाहेर काही पाठवत नाही. प्रकाश नारायण संतांच्या कथांमधल्या छोट्या लंपनने याच भागातली, कन्नड शब्द सहज सामावून घेणारी मराठी साऱ्या महाराष्ट्राला ऐकवली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. मोठ्यांना जी भाषा इतकी गोड वाटली, ती इथल्या सहा वर्षांच्या मुलाच्या पुस्तकात चूक कशी ठरते?

चित्रांचं तर या गावाला वरदान आहे. के. बी. कुलकर्णींनी बेळगावात राहून चित्रकार घडवले. त्यांचेच शिष्य रवी परांजपे. १९३५ साली बेळगावात जन्मलेले, पुढे बोधचित्रकार (पुस्तकं-जाहिरातींसाठी चित्रं काढणारे) म्हणून मुंबईत आणि पार नैरोबीत काम केलेले. त्या काळी बोधचित्रकाराला काम हवं तर मुंबई गाठावी लागे. आजही आमचा गोकाकचा मुलगा बेंगळूरुला ॲनिमेशनच्या नोकरीसाठी अर्ज करतो आहे. मी त्याला थांब कोणत्या तोंडाने म्हणू? एका पुस्तकाच्या चित्रांत त्याचे दोन महिने जातात, आणि आम्ही जे हातावर ठेवतो त्यात त्याचे रंग आणि कागदही येत नाहीत.

पैसे का पुरत नाहीत ते सांगते, कारण आपल्या एका आदेशाने नेमकं तेच बदलेल. रंगीत पुस्तक ऑफसेटवर चार रंगांत छापतात. प्रत्येक फर्म्याच्या, म्हणजे अनेक पानं एकत्र छापायच्या मोठ्या कागदाच्या, प्रत्येक बाजूला चार प्लेटा लागतात. प्लेटांचा आणि मशीन लावायचा खर्च पाचशे प्रतींना जेवढा, तेवढाच दोन हजारांना. आम्ही पाचशेच काढतो, म्हणून प्रत महाग पडते. महाग म्हणून पालक घेत नाहीत, आणि ते घेत नाहीत म्हणून पुढच्या वेळीही पाचशेच. बेळगाव जिल्ह्यात पाचशेच्या आसपास ग्रामपंचायती आहेत. खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी मुलं असलेल्या केंद्रांनी प्रत्येक पुस्तकाच्या चार-चार प्रती घ्यायचं आधीच कळवलं, तर आम्ही छपाई वाढवू शकतो, किंमत खाली येते आणि चित्रकाराचं मानधन निघतं. त्या मुलाला नोकरीच्या जोडीने का होईना, वर्षाला दोन पुस्तकं करता येतील.

पैसा नव्याने काढायला नको. १९६५ च्या कर्नाटक सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने घरपट्टीवर ग्रंथालय उपकर बसवला आहे. मराठी घरंही तो भरतात, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे या जिल्ह्यात शंभरातली अठरा-एकोणीस माणसं मराठी मातृभाषेची आहेत.

खरेदी करताना दोन अटी मात्र सरकारनेच घालाव्यात असं मला वाटतं. चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर लेखकाच्या बरोबरीने असावं, आणि त्याला मानधन दिल्याचा कागद जोडल्याशिवाय पुस्तक घेऊ नये. लेखकाला निदान मान मिळतो. चित्रकाराला कुणी ‘चित्रं कुणी काढली?’ असंही विचारत नाही. हे मी लेखिका म्हणून, आमच्या बाजूची चूक मान्य करून लिहिते आहे. आणि पुस्तकं निवडणाऱ्यांत मराठी वाचणारं माणूस असावं, शक्य झालं तर पहिली-दुसरीला शिकवणारं.

तुळू, कोकणी, कोडव, ब्यारी, उर्दू या भाषांसाठी आपल्या राज्याने अकादमी काढल्या. मुलांसाठी धारवाडला बालविकास अकादमी आहे. घरी मराठी बोलणाऱ्या द. रा. बेंद्रे यांच्या कन्नड कवितेला १९७३ साली ज्ञानपीठ मिळालं, त्याचा अभिमान आमच्या घरांतही आहे. अशा राज्याकडे कपाटातला एक कप्पा मागताना मला संकोच वाटत नाही. आमच्या तीन डमी दोन्ही भाषांत आहेत, एका पानावर मराठी, समोर कन्नड. कन्नड मजकूर आमच्या चित्रकाराच्या आईने तपासून दिला. त्या पुस्तकांसाठी कन्नड मुलांचाही विचार व्हावा. महाराष्ट्र सरकारकडेही आमचं मागणं आहे, ते पत्र वेगळं लिहिलं आहे.

आणखी एक छोटी विनंती. रविवारी दुपारी केंद्राची खोली गोष्ट सांगायला मिळावी. दर वेळी कुणाची परवानगी काढायची, पीडीओंची (पंचायत विकास अधिकाऱ्यांची) की वरची, हे ग्रंथपालांनाच ठाऊक नसतं आणि त्या बिचाऱ्या घाबरतात. एक परिपत्रक निघालं तर त्यांची भीती जाईल.

येत्या दुसऱ्या रविवारी आम्ही शहापुरात जमणार नाही. अकरा मराठी पुस्तकं असलेल्या त्याच केंद्रात जाणार आहोत, हाताने केलेल्या सहा डमी घेऊन, आणि त्या तिथेच ठेवून येणार आहोत. ताईंनी कपाटातला खालचा कप्पा मोकळा केला आहे, लहान मुलांचा हात पोचेल असा. ती तिसरीतली मुलगी आता चौथीत गेली असेल. भाऊ पहिलीत.

गव्याच्या पुस्तकाची एक डमी आपल्याला कन्नड प्रतीसोबत पाठवली आहे. सातव्या पानाच्या तळाशी नात आजोबांना विचारते, ‘खोपीच्या मागं कोण हाय?’ तिथे पान उलटा. आठ आणि नऊ, दोन्ही पानं भरून तो उभा आहे. त्याचे पाय जरूर पाहावेत.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
खानापूर तालुका, जि. बेळगाव