‘डॉट आयओ’ : करार नव्हे, यादी पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हिंदी महासागरातील, ब्रिटनच्या ताब्यातल्या चागोस बेटांचे सार्वभौमत्व मॉरिशसकडे देण्याच्या करारावर २२ मे २०२५ रोजी सह्या झाल्या. संकेतस्थळांच्या पत्त्याच्या शेवटी येणारे ‘डॉट आयओ’ हे डोमेन या बेटांच्या ब्रिटिश प्रदेशाच्या संकेतावरून आले आहे. त्यामुळे ते आता बंद पडणार, असे सांगितले जाते. पण करारामुळे डोमेन बंद होत नाही. देशांचे दोन अक्षरी संकेत आयएसओ ३१६६-१ या आंतरराष्ट्रीय यादीत असतात. त्या यादीतून संकेत वगळला, तरच आयाना ही इंटरनेटच्या अशा डोमेनची नोंद ठेवणारी संस्था डोमेन चालवणाऱ्यांना नोटीस काढते. नोटिशीपासून पाच वर्षांची मुदत मिळते. बंद करण्याचा आराखडा दिला असेल, तर ती वाढवून मागता येते. पण एकूण दहा वर्षांच्या पुढे नाही. इंटरनेटवरील नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने हे धोरण २०२२ मध्ये मंजूर केले.

त्याआधी प्रत्येक वेळी वेगळा हिशेब होता. युगोस्लाव्हियाच्या ‘डॉट वाययू’ची मुदत ३० सप्टेंबर २००९ होती, ती वाढवून ३० मार्च २०१० करावी लागली. नेदरलँड्स अँटिलीस हा कॅरिबियनमधला बेटांचा प्रदेश होता. तो १० ऑक्टोबर २०१० रोजी विसर्जित झाला, त्याचे ‘डॉट एएन’ मात्र जुलै २०१५ पर्यंत राहिले. सोव्हिएत संघाचे ‘डॉट एसयू’ तर संघ संपून तीन दशके उलटली तरी चालूच आहे. म्हणून लेखी मुदत असणे मोलाचे आहे.

खरी काळजी करायची ती नावे वापरणाऱ्यांनी. रूट झोनमधून, म्हणजे इंटरनेटच्या सर्व डोमेनच्या मुख्य यादीतून, नोंद काढली की रिझॉल्व्हरकडची (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरकडची) साठवलेली प्रत जास्तीत जास्त दोन दिवस टिकते. या काळात एकाला संकेतस्थळ दिसते, दुसऱ्याला नाही. नंतर कोणालाच नाही. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवण्याची सोयही तेव्हाच संपते, कारण वळवण्यासाठी आधी जुना पत्ता सापडावा लागतो. त्यामुळे ही सोय, म्हणजे ३०१ रिडायरेक्ट, शेवटच्या महिन्यात लावून उपयोग नाही. तो काही वर्षे चालला, तरच शोधयंत्रे आणि इतरांनी दिलेले दुवे बदलतात.

संकेतस्थळ हलवणे त्या मानाने सोपे. हमखास राहून जातात ते ईमेल पत्ते. बँक, सर्व्हर, खुद्द डोमेन नोंदणीचे खाते, सगळ्यांचा पासवर्ड बदलण्याचा दुवा त्या पत्त्यावर येत असतो. तो बंद पडला की खात्यात शिरण्याची वाटच बंद होते. दुसरी अडचण नेमसर्व्हरची, म्हणजे एखादे नाव कोणत्या पत्त्यावर आहे हे सांगणाऱ्या सर्व्हरची. ‘डॉट कॉम’वरच्या नावाचे सगळे नेमसर्व्हर ‘डॉट आयओ’खाली असतील, तर ते ‘डॉट कॉम’ही कोलमडते. विकलेल्या उपकरणांच्या फर्मवेअरमध्ये (उपकरणातच भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) जुना पत्ता कायमचा कोरलेला असेल, तर अपडेट पोहोचवण्याचा रस्ताही जातो. म्हणून ते अपडेट आधी पाठवावे.

‘डॉट वाययू’च्या वेळी निदान सर्बियाचे ‘डॉट आरएस’ आणि मॉन्टेनेग्रोचे ‘डॉट एमई’ हे वारस होते. मॉरिशसचे ‘डॉट एमयू’ आधीपासूनच वापरात आहे, आणि ‘डॉट आयओ’चे बहुतेक ग्राहक त्या बेटांशी संबंधित नाहीत. नोटीस निघालीच, तर आपोआप मिळणारे बदली नाव गृहीत धरू नये. नवे नाव घेऊन आधी नेमसर्व्हर, मग ईमेल, मग संकेतस्थळ या क्रमाने हलवावे, आणि जुन्या ईमेलवर काही येणे पूर्ण थांबेपर्यंत जुने नाव सोडू नये.

आपला,
एक वाचक