एक मोसम थांबायला लावणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या घरच्या पत्त्यावर पाठवता आलं असतं. पण मग ते तुम्ही वाचून घडी घालून ठेवलं असतं आणि विषय तिथेच संपला असता. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते चार लोकांना कळावं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे उघड लिहिते आहे. तुमचं नाव घातलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून ते घातलेलं नाही.

25 मे 2025 चा दिवस तुम्हालाही आठवत असेल. मान्सून त्या दिवशीच तळकोकणात उतरला. आमच्याकडे निम्मे रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, झाडावर आणि खळ्यात ताडपत्रीवर पसरलेली सोलं, म्हणजे वाळत घातलेल्या त्यांच्या साली. सासूबाई पडवीतून ओरडल्या, "गो, पावस इलो!" आधीच्या वर्षांत ही हाक आली की माझ्या पोटात गोळा यायचा. भिजलेल्या सोलांवर दोन दिवसांत पांढरी बुरशी धरते, मग ती मागच्या परड्यात नेऊन ओतायची. 2022 ला मी अशी तीन घमेली ओतली होती. या वेळी आम्ही चौघींनी ताडपत्री उचलली, साली ट्रेवर लावल्या आणि ड्रायर सुरू केला. एक साल वाया गेली नाही.

हा ड्रायर घ्यायला तुम्ही मला एक वर्ष उशीर करायला लावलात. आभार त्याचेच मानायचे आहेत.

2022 च्या दिवाळीनंतर मी तालुक्याच्या बैठकीला आले ती थेट कोटेशन हातात घेऊनच. साडेसहा लाखांचा ड्रायर. विक्रेत्याने सांगितलं होतं, सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत 35 टक्के अनुदान मिळतं, 10 लाखांपर्यंत, मग लहान कशाला घेता? तुम्ही जिल्हा संसाधन व्यक्ती, म्हणजे या योजनेत अर्जदारांना मदत करणारे, म्हणून अर्ज भरून द्याल, एवढीच माझी अपेक्षा. तुम्ही मात्र घरी आलात, खळं बघितलंत आणि विचारलंत, "वहिनी, भर मोसमात दिवसाला किती रतांबे येतात?" मला सांगता येईना. "पंधरवडाभर, की महिनाभर?" तेही सांगता येईना. मग तुम्ही म्हणालात, या मोसमात फक्त मोजा, अर्ज पुढच्या वर्षी करू.

खरं सांगते, त्या दिवशी मला तुमचा राग आला होता. सरकारी काम असंच लांबतं, असं मी घरात बोलूनही दाखवलं.

तुमचं मानधन कसं मिळतं ते मला पुष्कळ उशिरा कळलं. बँकेने कर्ज मंजूर केलं तरच एका प्रकरणामागे 20,000 रुपयांपर्यंत. त्यातले निम्मे मंजुरीनंतर, उरलेले उद्यम (लघुउद्योगाची), एफएसएसएआय (खाद्यपदार्थांची) वगैरे नोंदण्या आणि उभारणी पार पडल्यावर. म्हणजे माझा अर्ज त्याच वर्षी रेटला असतात, तर पैसे तुम्हालाच मिळणार होते. आणि साडेसहा लाखांच्या ड्रायरचं कर्ज मी फेडत बसले असते.

2023 च्या मोसमात मी दोनशे पानी वहीत रोज लिहिलं. सकाळी आलेले रतांबे, फोडल्यावर साली किती, बिया किती, मीठ किती, आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, किती वेळा बुडवल्या, किती दिवसांनी वाळल्या. भर मोसमातही दिवसाला दीडशे किलोच्या वर रतांबे कधी आले नाहीत, आणि तेही जेमतेम बारा दिवस. त्या मोठ्या ड्रायरचे अर्धे ट्रे कायम रिकामे राहिले असते!

मे महिन्यात तुम्ही ओळखीतून आठ दिवसांसाठी एक लहान ड्रायर मिळवून दिलात. पहिल्या दिवशी मी घाईने तापमान चढवलं. साली वरून कडकडीत झाल्या, रंग काळपट आला. मी खूश. तुम्ही एक साल बोटांनी मधोमध मोडलीत आणि आतला ओला गर मला दाखवलात. ही डब्यात भरली असती तर महिन्याभरात बुरशी. दुसऱ्या दिवसापासून तापमान उतरवलं, वेळ वाढवला, मधे एकदा साली उलटल्या. तिसऱ्या खेपेला सोल मऊ राहिलं, लालसर-जांभळा रंग टिकला आणि दाबल्यावर बोटाला ओल लागेना. सासूबाईंनी एक तोंडात टाकलं आणि म्हणाल्या, "ह्या आमचा सोल." प्रयोगशाळेत जे करतात तेच आम्ही आमच्या पडवीत केलं, असं मला त्या दिवशी वाटलं, आणि अजूनही वाटतं.

बँकेबद्दल फार लिहीत नाही. शाखेने दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा तुम्ही सोबत आलात. त्या वेळी ती वही टेबलावर ठेवलीत. साहेबांनी अहवालापेक्षा जास्त वेळ वहीच चाळली. अनुदान हातात रोख पडत नाही, बँकेतच बाजूला राहतं, हप्ते नीट गेले आणि उद्योग सुरू असला तर तीन वर्षांनी कर्जात वळतं, हेही तुम्ही मला सहीच्या आधी कागदावर लिहून दिलंत. आमच्या गटातल्या दोघींना ही गोष्ट अजून कुणी सांगितली नव्हती.

आणि कलमांचं राहिलंच. सासऱ्यांनी बियांपासून वाढवलेल्या नऊ झाडांतली पाच नर निघाली. सात-आठ वर्षं पाणी घालून फुलोरा आल्यावर हे कळलं. कोकमात नर-मादी झाडं वेगळी असतात, आणि मादी झाडाच्या काडीचं कलम लावलं की हा जुगार संपतो, हे तुम्ही सांगितलंत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने हे काम केव्हाचं करून ठेवलंय, पण आमच्या बांधापर्यंत ते कुणी आणलं नव्हतं. आता कोकण अमृता या कोकमाच्या जातीची वीस कलमं लावली आहेत.

योजनेच्या अर्जात यंत्राला रकाना आहे, बांधकामाला आहे. तुम्ही मला दिलेल्या त्या एका मोसमाला नाही. योजना आखणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर माझी हात जोडून विनंती आहे, त्या मोसमालाही पैसे द्या, आणि तो मोसम करवून घेणाऱ्या माणसालाही.

पुढच्या आठवड्यात हे कुडाळला येणार आहेत. त्यांच्याबरोबर दोन किलो सोलं, आगळाची बाटली आणि मुठेलाचे दोन गोळे पाठवते. मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, सासूबाईंनी स्वतः बिया कांडून, उकळून काढलंय. तुमच्या आईंच्या टाचांना थंडीत भेगा पडतात, असं तुम्ही एकदा बोलता बोलता म्हणाला होतात, ते त्यांच्या लक्षात आहे. नको म्हणू नका. दुसरी वहीही सोबत देते, यंदाची. कलमांच्या ओळी बघून सांगा, नर झाड एखादं ठेवू का दोन.

तुमची,
कुडाळ तालुक्यातली वहिनी