काउबॉय म्हणजे बंदूकबाज नव्हे

महोदय,

बेदरकार, बंदूकबाज माणसाला आपल्याकडे सर्रास ‘काउबॉय’ म्हटले जाते, याचे मनापासून वाईट वाटते. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर टेक्सासमधील गुरे चिझम वाटेने कॅन्ससमधील ॲबिलीनच्या रेल्वेपर्यंत हाकत नेणारे हे लोक मुळात पगारी गुराखी होते. दोन-अडीच हजार गुरांमागे जेमतेम १०-१२ माणसे, दिवसाकाठी १५ ते २५ किलोमीटरची मजल आणि महिन्याला ३०-४० डॉलर मजुरी, असे ते काम होते. कळपामागे राहणाऱ्याच्या वाट्याला दिवसभर धूळ येई, म्हणून तो नाकातोंडावर रुमाल बांधत असे. रात्री पहाऱ्यावरचा स्वार बसलेल्या गुरांभोवती संथ फेऱ्या घालत हलक्या आवाजात गाणी म्हणे, कारण विजेच्या कडकडाटाने कळप उधळला की माणसांच्या जिवावर बेतत असे. त्यांच्यात कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन मोठ्या संख्येने होते, हेही आपण विसरतो.

बदनामी अगदीच निराधार नव्हती, हे मान्य केले पाहिजे. ॲरिझोनाच्या सीमेवरील गुरेचोर टोळ्यांनाही हेच नाव पडले होते आणि राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांच्या १८८१ च्या वार्षिक संदेशातही त्यांचा सशस्त्र गुंड म्हणून उल्लेख झाला. परंतु १८८३ मध्ये टेक्सासच्या उत्तर टोकाला काउबॉयांनी वेतनवाढीसाठी चक्क संप केला होता. बेजबाबदार वागण्याला ‘काउबॉयगिरी’ म्हणणे आपल्या पत्राने तरी टाळावे, ही विनंती.

– एक वाचक, सातारा