सिंगल माल्ट आणि वयाचं खूळ

संपादकसाहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला सिंगल माल्टवरचा (म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून केलेल्या व्हिस्कीवरचा) लेख वाचला, छान होता, पण जितकी जुनी तितकी भारी असं सरसकट ठोकून दिलंय ते काय पटलं नाही बुवा. स्कॉटलंडमधल्या कॅम्पबेलटाउनची स्प्रिंगबँक घ्या, 1828 पासूनची डिस्टिलरी, बार्ली भिजवून जमिनीवर पसरून मोड आणण्यापासून बाटली भरेपर्यंत सगळं तिथल्या तिथे, त्यामुळे माल थोडाच निघतो. त्यांची 10 वर्षांचीच बाटली भावाने स्कॉटलंडहून आणली म्हणून चाखायला मिळाली, 46 टक्के अल्कोहोल, वरून रंग नाही की थंड करून गाळलेली नाही. नाकाशी नेली तर आधी पेअर, मग हलकासा धूर, आणि जिभेवर चक्क खारट! चमचाभर पाणी घातलं तर ग्लासात किंचित धुकं धरलं आणि वास अजून खुलला (बर्फवाल्यांनो माफ करा, पण बर्फाने वास मरतो). कायद्याने स्कॉच, म्हणजे स्कॉटलंडची व्हिस्की, ओकच्या पिंपात किमान 3 वर्षं ठेवावीच लागते, पण त्या पिंपात आधी शेरी (स्पेनची वाइन) होती की बर्बन (अमेरिकन व्हिस्की) यावर पण बरंच ठरतं ना, त्याबद्दल लेखात एक ओळ नाही. आणि सोडा मारून प्यायचा सल्ला तेवढा मागे घ्या राव.

– एक वाचक, पुणे