लायसेस्टर नव्हे, लेस्टर!

संपादक महोदय,

परवा तुमच्या क्रिकेटच्या पानावर इंग्लंडमधल्या एका शहराचं नाव 'वॉर्सेस्टर' छापून आलं. नातू म्हणाला, "आबा, वुस्टर म्हणतात ते." मी गप्पच बसलो. दारव्हा तालुक्यात तीस वर्षं इंग्रजी शिकवताना मीच पोरांकडून तिथल्याच दुसऱ्या शहराचं नाव 'लायसेस्टर' असं घोकून घेतलं. 'लेस्टर' म्हणणाऱ्या एकाचा कानही पिरगाळला होता. पोरगं बरोबर होतं!

इंग्लंडच्याच नॉरफोक परगण्यातल्या गावांच्या नावांत तर कहरच. स्पेलिंग वाचावं तर 'हॅपिसबर्ग', गावकरी म्हणतात 'हेझबरा'. 'वायमॉन्डहॅम' दिसतं, ते 'विंडम'. बोलताना मधली अक्षरं झिजली, स्पेलिंग मात्र जुनंच राहिलं. याच इंग्रजांनी आमच्या वणीचं 'वून' न् अचलपूरचं 'एलिचपूर' लिहिलं, ते वेगळंच.

निदान तुम्ही तरी तिथले लोक म्हणतात तसं छापा.

– एक निवृत्त मास्तर, ता. दारव्हा, जि. यवतमाळ