तायपानमधला सावकार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चाच्यांचे संगणकी खेळ म्हणजे मुलांना लावलेला जुगार, अशी तक्रार करणारं पत्र आपल्या अंकात वाचलं. त्यात 'तायपान'चं नाव आणि त्यातल्या अफूवर आक्षेप असल्यामुळे हे लिहितो आहे.

हा आर्ट कॅनफिल यांचा खेळ, १९८२ साली ॲपल टू संगणकावर आलेला. खेळणारा होतो चीनच्या समुद्रात गलबतातून मालाची ने-आण करणारा व्यापारी. पडद्यावर मुख्यतः अक्षरं आणि आकडेच दिसतात. आता तो ब्राउझरमध्येही चालतो, त्यामुळे शाळेतल्या जुन्या संगणकावर अडत नाही. काळ १८६० चा. हाँगकाँग, शांघाय, नागासाकी, सायगाव, मनिला, सिंगापूर आणि बटाविया (आजचं जकार्ता) ही सात बंदरं. माल चारच प्रकारचा : अफू, रेशीम, हत्यारं आणि किरकोळ माल. दहा लाख जमले की हाँगकाँगला येऊन धंद्यातून निवृत्त होता येतं.

यात नशिबाचा भाग आहे हे मान्य. पण मुलं बहुतेकदा हरतात ती वू नावाच्या सावकारापायी. सुरुवातीला हातात ४०० रोकड असते आणि डोक्यावर ५,००० कर्ज. एका बंदरातून दुसऱ्या बंदरात गेलं की एक महिना सरतो, आणि प्रत्येक महिन्याला कर्जावर दहा टक्के व्याज चढतं, तेही चक्रवाढ. ५,००० चे ५,५००, मग ६,०५०, मग ६,६५५. आठव्या महिन्यात आकडा १०,७१८ च्या आसपास जातो, वर्षाला १५,६९२. आपल्याकडे दामदुप्पटीचा दंडक होता, मुदलापेक्षा जास्त व्याज एकदम वसूल करता येत नसे. इथे नेमकं उलटं घडतं. कर्ज दहा हजारांवर जाऊन तुम्ही हाँगकाँगला आलात की वूची माणसं तुम्हाला त्याच्या वाड्यावर न्यायला हजर! बँकेत ठेवलेल्या पैशावर मात्र महिन्याला अर्धा टक्काच मिळतो. म्हणजे कर्ज फेडायचं सोडून बँकेत पैसे ठेवणाऱ्याचं दर महिन्याला शंभरामागे साडेनऊचं नुकसान. हे गणित अकरावीच्या पोराला सूत्र पाठ करून जितकं कळतं, त्याहून वूच्या माणसांमुळे लवकर कळतं.

आता भाव. हाँगकाँगला किरकोळ माल ५, १० किंवा १५ ला मिळतो आणि बटावियात ८, १६ किंवा २४ ला विकला जातो. म्हणजे बंदर बदललं की फार तर दीडपटीहून थोडा जास्त फरक, पण त्याच बंदरात महिन्यागणिक तिप्पट. स्वस्त बंदर कोणतं आणि महाग कोणतं एवढं पाठ करून भागत नाही. आज समोर दिसणारा भाव त्या बंदराचा तळ आहे की शेंडा, हे ओळखता यायला हवं. गलबतात ६० नग मावतात. ५ च्या भावाने ६० नग घेतले तर ३०० लागतात, शंभर हाती उरतात आणि बटावियात १६ चा भाव मिळाला तरी ९६० येतात. १५ च्या भावाने घेणाऱ्याचे ४०० संपतात २६ नगांतच, आणि पुढे ८ चा भाव निघाला तर तो बुडालाच. अधूनमधून एखाद्या मालाचा भाव अचानक पाचव्या हिश्शावर कोसळतो किंवा कित्येक पटींनी चढतो. अशा वेळी हाँगकाँगच्या वखारीत माल असेल तर उपयोग. खेळातला माल कापसासारखा आहे, घरात भरून ठेवता येतो. रावेर-सावद्याच्या केळीसारखा दोन दिवसांत काळा पडत नाही. (वखारीत कधीमधी चोरी होते, हे लक्षात असू द्यावं.)

नवखे खेळाडू तोफांवर फार पैसा उधळतात. एका तोफेला दहा नगांची जागा जाते. पाच तोफा घेतल्या की साठातली दहाच नगांची जागा माल भरायला उरते. सुरुवातीला रोकडीऐवजी पाच तोफा घेता येतात. मग कर्ज नसतं, पण भांडवलही नसतं. ली युएन हा चाच्यांचा म्होरक्या हाँगकाँगला वर्गणी मागतो. ती हातातल्या रोकडीवर ठरते, बँकेतल्या रकमेवर नाही, म्हणून निघतानाच जादा रक्कम बँकेत टाकून जावं. वर्गणी नाकारली की समुद्रात त्याचा ताफा गाठू शकतो. दिली तरी ती कायमची पुरत नाही. हातात पंचवीस हजारांहून जास्त रोकड असेल तर बंदरावर लुटलं जाण्याची भीती वेगळीच. गलबताची डागडुजी टाळणाऱ्याला एखादं वादळच संपवतं, चाच्यांची गरज पडत नाही.

अफूचा मुद्दा पत्रलेखकांनी रास्त काढला आहे. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई, तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही. खेळात मात्र एक चूक आहे : हाँगकाँग सोडून इतर बंदरांत, अगदी चीनच्या शांघायमध्येही, अधिकारी अफू जप्त करून दंड ठोकतात. प्रत्यक्षात १८५८ च्या करारानंतर चीनमध्ये जकात भरून अफू आणणं कायदेशीर झालं होतं. वर्गात हे सांगावं. ज्यांना अफू नको त्यांनी रेशीम घ्यावं, खेळ अडत नाही.

जुन्या आवृत्तीत आणखी एक चूक राहून गेली आहे. वूला कर्जापेक्षा जास्त पैसे दिले तर कर्ज उणे होतं आणि त्या उण्यावरही दहा टक्के चढत राहतात. पोरं ही युक्ती शोधतातच. तेव्हा जास्तीची रक्कम घेऊन व्याज देणारा सावकार कुठे पाहिलात, एवढंच त्यांना विचारावं.

शेवटी मिळणारे गुण एकूण मत्तेला शंभराने आणि मग लागलेल्या महिन्यांनी भागून निघतात. दहा लाख वीस महिन्यांत केले तर ५००, चाळीस महिन्यांत केले तर २५०. जळगाव-धुळ्याच्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयांत वाणिज्य शाखेला संगणक कक्ष आहे, त्यांनी एक तास हा खेळ द्यावा, पण वही उघडी ठेवून. वहीत चार रकाने आखायचे : महिना, बंदर, मालाचा भाव आणि वूचं कर्ज. चौथा रकाना भरल्याशिवाय पुढच्या बंदराला निघायचं नाही.

आपला,
वाणिज्य विषयाचा एक शिक्षक, चोपडा