८ आणि २१

देवगड,
बुधवार, रात्री

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

गणपतीत आलास तेव्हा तुझी डॉक्टरकीच्या अभ्यासाची निळी वही माजघरातल्या फडताळात राहिली. पोस्टाने पाठवते म्हणाले होते, पण आधी वाचून काढली. तुला न विचारता वाचली, रागावू नकोस. 'नैराश्याची तीव्रता कशी मोजावी' हे पान उघडलं आणि मग वही मिटवेना.

त्यातली नऊ प्रश्नांची यादी, गेल्या पंधरवड्याचं विचारते आणि दर प्रश्नाला शून्य ते तीन गुण देते ती, मी स्वतःसाठी भरली. आजची नाही, तू चौथीत होतास त्या वर्षाची. दोनदा भरली. तेव्हा तालुक्याच्या एका दवाखान्यात मी जी उत्तरं दिली होती ती आठवून बेरीज केली. २७ पैकी ८ आली. तुझ्या वहीप्रमाणे सौम्य. मग खरं काय होतं ते लिहिलं. २१ आली. २० पासून पुढे तीव्र, असं तूच खाली लाल शाईने लिहिलं आहेस. बाई तीच, पंधरवडाही तोच.

मधले तेरा गुण कुठे गेले ते सांगायला हे पत्र.

डॉक्टर वाईट नव्हते, बाहेर रांग होती. शेजारच्या खुर्चीवर तुझी आजी बसलेली. "घरचं काम होतं का?" त्यांनी विचारलं. होतं, म्हटलं. ते खोटंही नव्हतं. पहाटे चूल पेटत होती, तुझा डबा जात होता, बागेतल्या गड्यांच्या भाकऱ्या होत होत्या. तुझे बाबा मुंबईत, मी नाही करणार तर कोण करणार? बाईचं मन विझलं तरी तिचे हात चालत राहतात रे. कामाचा प्रश्न बाईला विचारशील तेव्हा काम झालं का एवढ्यावर थांबू नकोस. मी कालवणातलं मीठ चाखणं सोडलं होतं. शिमग्याच्या सुमाराला सुरंगीच्या फुलांचे वळेसर दारावर आले आणि मी घेतले नाहीत, जन्मात पहिल्यांदा. "आवडीच्या गोष्टींत रस वाटत नाही का?" असं त्यांनी विचारलं खरं, पण माझी आवडीची गोष्ट कोणती हे मला त्याआधी कोणी विचारलंच नव्हतं. मी मान हलवली, त्यांनी एक गुण लिहिला असावा.

झोपेचंही तसंच. तीनला जाग यायची आणि आढ्याकडे बघत पडून राहायचे. ती वेळ सगळ्यात वाईट. संध्याकाळी दिवे लागले की जरा हलकं वाटे. आजी मात्र कौतुकाने सांगायची, "सून माझी फाटफटी उठता." तुझ्या वहीतल्या हॅमिल्टन नावाच्या डॉक्टरने १९६० सालच्या त्याच्या नैराश्य मोजायच्या १७ प्रश्नांत झोपेचेच तीन वेगळे केलेत: लागायला वेळ लागतो का, मध्येच मोडते का, पहाटे फार लवकर जाग येते का. ते वाचून मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. भूक तर उपासांत लपली. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. देवभोळी आहे, म्हणत सगळे.

आणि नववा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. जगण्यापेक्षा मेलेलं बरं असं मनात येतं का. येत होतं, बाबू. रोज नाही, काही दिवस. हे तुला आज पहिल्यांदा सांगते आहे, आणि कागदावर सांगणं मला सोपं वाटलं. त्यांनी विचारलं असतं तर माझ्या डोक्यात नवं काही शिरलं नसतं, ते आधीच तिथे होतं. उलट कोणीतरी नाव घेऊन विचारलं म्हणून सुटल्यासारखं झालं असतं. तेव्हा बेरीज कितीही लहान येवो, त्या एका घरात शून्य नसेल तर तिथे थांब. पुढचा पेशंट थांबेल.

चार महिन्यांनी तुझ्या मामाने मला रत्नागिरीला नेलं. आमच्याकडे 'रत्नागिरीला नेलं' म्हटलं की लोक आवाज खाली करतात, १८८६ पासूनचं ते इस्पितळ सगळ्या कोकणाला ठाऊक आहे. मला दाखवलं ते एका बाईंच्या खाजगी दवाखान्यात, तरी गावात बोलायचं ते बोलले. त्या बाईंनी पहिलं काम केलं ते तुझ्या आजीला चहाला बाहेर पाठवलं. मग मला विचारलं, "तीन वाजता जाग आली की पहिला विचार कोणता येतो?" मी अर्धा तास बोलले. नंतर त्यांनी आजीला एकटीलाच आत बोलावून तिचंही ऐकलं, कारण माझं चालणं-बोलणं मंदावलेलं मला कळत नव्हतं, तिला दिसत होतं. थायरॉईडचं रक्त तपासलं. गोळी सुरू केली आणि सांगितलं, गुण यायला दोन-चार आठवडे लागतील, सोडू नका. तिसऱ्या आठवड्यात मी तव्यावरचा घावणा उभ्यानेच खाल्ला. आजीने पाहिलं, मला पत्ताही नव्हता.

दर खेपेला त्या तेच प्रश्न विचारून कार्डावर खुणा करत. तेव्हा कंटाळा येई, तुझी वही वाचून आता उमगलं. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा तो कुठल्या बाजूला चालला आहे ते बघायचं. निम्म्यावर आला तर औषध लागू पडतं आहे, पण हॅमिल्टनच्या यादीवर ७ गुण किंवा खाली येईपर्यंत आजार ओसरला म्हणायचं नाही. मला निम्म्यावरच बरं वाटलं होतं आणि गोळ्या बंद करायची घाई झाली होती. बाईंनी करू दिल्या नाहीत.

आता तू ग्रामीण भागात येशील म्हणून सांगते. 'गेल्या दोन आठवड्यांत' असं विचारलंस तर इथल्या बाया तुझ्या तोंडाकडे बघतील. 'मागच्या एकादशीपासून' असं विचार, पंधरवडा बरोबर मोजून देतील. खलाशाला पुनवेपासून विचार. पावसात बोटी वर ओढलेल्या असतात, तेव्हा तो घरीच बसलेला दिसणार. जाळी विणायला तरी बसतो का, ते विचार. आणि देवाला गाऱ्हाणं घातलं का, कौल लावला का, हे आदराने विचार. हसलास तर पुढचं काही ऐकायला मिळणार नाही. गाऱ्हाणं ज्या दिवशी घातलं त्याच्या कितीतरी आधी दुखणं सुरू झालेलं असतं, तिथून दिवस मोजायला घे.

म्हाताऱ्यांची १५ प्रश्नांची हो-नाहीची यादी तुझ्याकडे आहेच. तिच्यात झोपेचं, भुकेचं विचारलेलं नाही हे मला पटलं, त्या वयात ती तशीही कमीच. बाळंतिणीच्या १० प्रश्नांतही 'दुःखामुळे' झोप लागत नाही का असं विचारलंय. मूल रडतं म्हणून जागणारी वेगळी. माहेरी आलेल्या मुलीला तिची आई समोर नसताना विचार, एवढं माझ्याकडून.

आज हे सगळं लिहायला बसले त्याला कारण आहे. पलीकडच्या वाडीतली माझी मैत्रीण, तू तिला मावशी म्हणतोस, गेले दोन महिने "माका काय्येक नको" म्हणते आहे. घरचे म्हणतात, वय झालं. संध्याकाळी तिला बोलावलं, घावणे घालता घालता पहिले आठ प्रश्न माझ्या शब्दांत विचारले आणि नववा तुझ्या वहीतल्या शब्दांत, सरळ. ती तव्याकडे बघत "होय" म्हणाली. मी तवा उतरवला. तिच्यासमोरच १४४१६ ला, मनाच्या दुखण्यासाठीच्या त्या सरकारी नंबरला, फोन लावला, तिथल्या मुलीशी ती मराठीत बराच वेळ बोलली. मग तिच्या सुनेला बोलावून घेतलं. आज रात्री दोघी इथेच आहेत, माजघरात झोपल्या आहेत. उद्या पहिल्या एसटीने ओरोसला जिल्हा रुग्णालयात जातो.

वही अजून दोन दिवस ठेवून घेते. तिची उत्तरं मी मागच्या पानावर लिहिली आहेत, तिला विचारून. डॉक्टरांना दाखवायची आहेत.

तुझी,
आई